न दुखणारी पावले

डॉ. मंदाकिनी घोरपडे यांनी आयुष्यात माणसांचे चेहरे कमी आणि पावले अधिक पाहिली होती. मिरजेच्या इस्पितळात चाळीस वर्षे त्यांनी मुलांचे वळलेले, दुबळे, आखूड पाय तपासले. तपासणीच्या खोलीबाहेरच्या लांब ओवरीतून कोण येत आहे, हे त्या मान वर न करता सांगत. "या, पाटीलबाई. गुडघा पुन्हा धरला ना?" असे पडद्याआडून विचारले गेले की नवखी माणसे दचकत. जुनी माणसे म्हणत, बाईंच्या कानांना डोळे आहेत.

त्यांची रोग ओळखण्याची रीतही जगावेगळी होती. रुग्ण मूल ओवरीतून चालू लागले की बाई पदर खोचून त्याच्या मागोमाग त्याच्यासारख्याच चालत. तेच लंगडणे, तोच खांद्याचा झोल. शिकाऊ डॉक्टर तोंडाला रुमाल लावून हसत. पाचदहा फेऱ्या झाल्या की बाईंच्याच कमरेत किंवा पोटरीत कळ उठे, आणि मग त्या वळून म्हणत, "हसून झाले असेल तर लिहून घ्या. दोष पायात नाही, खुब्यात आहे. मला तिथे दुखते आहे." दुसऱ्याची चाल अंगावर घेतल्याशिवाय त्याचे दुखणे कळत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता आणि तो सहसा चुकत नसे.

त्या सिद्धान्तातूनच सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी एक यंत्र घडवले. ते यंत्र म्हणजे साधी जमीन होती.

'नीलवेणी' या प्रवासी जहाजाच्या सातव्या मजल्यावर मुलांसाठी बालदालन होते. आईवडील सकाळी मुलांना तिथे सोडत आणि निश्चिंत मनाने तरणतलावाकडे, नाटकाला किंवा नुसतेच समुद्र पाहायला जात. मुलांच्या खोल्यांत कॅमेरे लावण्यास कायद्याने बंदी आल्यापासून अशा दालनांचे मालक चिंतेत होते. चेहरा न पाहता मूल ओळखायचे कसे? मंदाकिनीबाईंच्या जमिनीने त्याचे उत्तर दिले. वरच्या मऊ थराखाली केसाहून बारीक तंतू विणलेले होते. त्यांच्यावर दाब पडला की त्यांत किंचित वीज निर्माण होई. माणूस चालतो तेव्हा आधी टाच टेकते, मग भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर येतो, आणि शेवटी अंगठा जमिनीला रेटा देऊन उचलला जातो. या चार क्षणांमधले अंतर, डाव्याउजव्यातला फरक, हे सारे माणसागणिक वेगळे असते, हस्ताक्षरासारखे. जमीन ते हस्ताक्षर वाची आणि पडद्यावर नाव उमटवी.

समुद्रावर मात्र हे वाचन अवघड होते. लाटेवर जहाज उचलले गेले की माणूस भारी होतो, खाली गेले की हलका. म्हणून वजनाचा निकष बाईंनी काढून टाकला. मुले दालनात जाड मोजे घालून वावरत, तेव्हा तळव्याचे मापही भरवशाचे नव्हते. उरला तो चालीचा ताल. पण बोटीवर दोन दिवस काढले की मुलांचा तालही बदलतो. पाय समुद्राशी जुळवून घेतात. म्हणून बाईंनी जमिनीला शिकण्याची मुभा दिली. आज ओळखलेले पाऊल कालच्या नोंदीत मिसळायचे आणि उद्याचे पाऊल त्यावरून ओळखायचे. शेवटची अडचण अशी की मुले लोळतात, गाद्यांवर पेंगतात. तेव्हा पाऊल पडतच नाही. त्यासाठी बारा मिनिटांची सवलत होती. बारा मिनिटांत एखाद्या मुलाचे पाऊल वाजले नाही तर पडदा लाल होई. कोणी मूल पायी एकटेच दाराचा उंबरठा ओलांडू लागले तरीही होई.

पाच वर्षांत अकरा जहाजांवर एकही मूल हरवले नव्हते. पूर्वी जिथे चौदा सेविका लागत, तिथे आता दोन पुरत.

बाईंनी एक नियमही करवून घेतला होता. जमीन 'हजर' म्हणत असताना केवळ नजरेच्या भरवशावर कोणी धोक्याची घंटा वाजवू नये. तशी शंका आल्यास जमिनीच्या तज्ज्ञाची संमती घ्यावी. हा नियम उगाच केलेला नव्हता. पहिल्याच वर्षी एका सेविकेने घाईत चुकीचे मोजून घंटा वाजवली. मूल पडद्यामागे झोपले होते. पण त्या गोंधळात जिन्यावर एक वृद्ध गृहस्थ पडले आणि गेले. बाई त्यांच्या घरी सांत्वनाला गेल्या होत्या. माणसाचा डोळा दमतो, जमीन दमत नाही, असे त्यांनी तेव्हाच मनाशी पक्के केले.

एरवी तो तज्ज्ञ किनाऱ्यावरच्या कचेरीत बसे. या फेरीत मात्र खुद्द बाईच जहाजावर होत्या, कारण जमिनीला पाच वर्षे झाल्याबद्दल कंपनीने बाईंना सहकुटुंब लक्षद्वीपच्या सफरीचे निमंत्रण दिले होते. सोबत मुलगा रणधीर, सूनबाई केतकी, अकरा वर्षांची नात इरावती आणि आठ वर्षांचा नातू शार्दूल.

शार्दूलचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. आजीने स्वतःच्या हातांनी सात प्लास्टरे घालून तो सरळ केला. पाय दिसायला सरळ झाला. परंतु दुपार कलली, मूल थकले, की अंगठा किंचित घासे. मिरजेच्या घरात माजघरापासून देवघरापर्यंत बाईंनी त्याच जमिनीची पट्टी बसवून घेतली होती. रोज संध्याकाळी शुभंकरोती झाली की शार्दूलने त्या पट्टीवरून दहा फेऱ्या घालायच्या आणि आजीने गुण वाचून दाखवायचे.

"आज एकाहत्तर. काल चौऱ्याहत्तर होते. टाच आधी, शार्दूल. टाच आधी."

"हो, आजीसाहेब."

इरावतीच्या वाट्याला वेगळा खेळ आला होता. रविवारी आजी तिला अंगणात उभी करी. "चल, कोणाची चाल घेतेस?" इरावती दूधवाल्यासारखी, पोस्टमनसारखी, एकदा तर शेजारच्या निवृत्त फौजदारांसारखी चालली होती, तेव्हा खुद्द फौजदार कुंपणापलीकडे उभे होते आणि त्यांना स्वतःची चाल ओळखू आली नाही. आजी खूप हसल्या होत्या. "पोरीच्या अंगात माझी कला उतरली आहे," त्या सूनबाईंना म्हणाल्या होत्या. "हिला मी शिकवणार."

प्रवासाच्या पहिल्या दिवशी कप्तानांनी बाईंच्या मानार्थ साऱ्या कुटुंबाला जहाज फिरवून दाखवले. अगदी मागच्या अंगाला, खालच्या बाजूस, एक मजला होता. बंदरात जहाज बांधण्याचे मनगटाएवढे जाड दोरखंड तिथे वेटोळी घालून ठेवलेले होते. भिंतीत दोर बाहेर सोडण्यासाठी मोठाल्या खिडक्या होत्या, त्यांना झडपा नव्हत्या, आणि त्यांतून पांढरे पाणी उसळताना दिसत होते. पायाखाली हिरव्या रंगाचे लोखंड होते.

"इथे जमीन नाही का?" शार्दूलने विचारले.

"हे नुसते लोखंड. माझी जमीन फक्त बालदालनात. इथे कोणी चालले तर कोणाला कळायचेसुद्धा नाही. म्हणून इथे यायचे नाही."

"कोणालाच कळणार नाही?"

"कोणालाच."

मिठाईच्या दुकानाकडे इतर मुले पाहतात तसे शार्दूलने त्या लोखंडाकडे पाहिले. आजीच्या ते ध्यानात आले नाही. त्या त्याच्या बुटाकडे पाहत होत्या.

चौथ्या दिवशी जहाज परतीला लागले होते. दुपारी वारा पडल्यासारखा वाटला, पण खालून लांब, संथ लाटा येऊ लागल्या. बाई चहाच्या दालनात खिडकीशी बसल्या होत्या. कपातला चहा एका कडेला चढे, क्षणभर थांबे आणि दुसऱ्या कडेला जाई. चार वाजायला वीस मिनिटे होती.

बालदालनाची मुख्य सेविका समोर येऊन उभी राहिली. रोहिणी तांडेल, वय पस्तिशीच्या आसपास, मुरुडकडच्या कोळीवाड्यातली. तिच्या पायांत चपला नव्हत्या हे बाईंनी आधी पाहिले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे.

"डॉक्टरबाई, एक मूल कमी आहे."

बाईंनी शेजारची पडद्याची पाटी उचलली. तिच्यावर दालनातली सारी नावे हिरवी होती. "एकेचाळीस. पूर्ण आहेत."

"जमीन एकेचाळीस सांगते. मी चाळीस डोक्यांना हात लावला."

"डोक्यांना हात? हे कोणी सांगितले तुम्हाला?"

"कोणी नाही. दिवसातून दोनदा लावते. नाव घ्यायचं आणि हात लावायचा."

"पुन्हा मोजा."

"तीनदा मोजलं, बाई."

"कोण नाही म्हणता?"

तांडेलबाईने क्षणभर खाली पाहिले. "तुमचा शार्दूल."

मंदाकिनीबाईंनी कप बशीत ठेवला. त्यांनी नावावर बोट ठेवले आणि पाटी तिच्यापुढे धरली. "चार मिनिटांपूर्वी वाळूच्या कोपऱ्यापासून चित्रांच्या मेजापर्यंत चालत गेला आहे. अकरा पावले. उजवा अंगठा घासतो आहे. ही चाल मी झोपेत ओळखीन."

"चार मिनिटांपूर्वी वाळूच्या कोपऱ्यात मीच उभी होते. मला तो दिसला नाही. त्याची ताई म्हणाली, न्हाणीघरात आहे. न्हाणीघर रिकामं. परत आले तर म्हणते, तंबूत आहे. तंबूतही नाही."

"दिसला नाही आणि नव्हता, यांत अंतर असते, तांडेलबाई. मुले लपतात. त्यांना तोच उद्योग असतो."

"अंतर असतं, मान्य. पण वादळानंतर होड्या किनाऱ्याला लागल्या की माझी आजी प्रत्येक माणसाच्या कपाळाला हात लावून मोजायची. एकदा घाई झाली, तिनं नुसत्या टोप्या मोजल्या. टोपी आली होती. चुलता आला नव्हता." ती थांबली. "मला घंटा वाजवू द्या."

"मागच्या खेपेला अशाच घंटेने एक माणूस गेला. तो माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही." बाईंचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "घंटा वाजणार नाही. परत जा आणि पडद्यामागे, गाद्यांखाली बघा."

"बघते. पण तुम्ही नाही म्हणालात, एवढं ध्यानात ठेवा."

"माझे म्हणणे मी विसरत नाही."

ती गेली. तिच्या अनवाणी पावलांचा आवाज बाईंनी दूरपर्यंत ऐकला. मोठी स्थिर चाल होती, डोलत्या जहाजावर एकदाही अडखळली नाही. आपल्यासमोर इतक्या सरळपणे उभे राहिलेले माणूस बऱ्याच वर्षांत भेटले नाही, असे त्यांना वाटून गेले, आणि त्याचा त्यांना रागही आला.

या बाईला पुराव्यानिशी समज द्यावी म्हणून त्यांनी शार्दूलच्या पावलांचा आलेख उघडला. जेवणानंतरची सगळी पावले एकाखाली एक मांडली. दर आठदहा मिनिटांनी एक लहानशी फेरी होती. टाच, कड, चवडा, घासणारा अंगठा. बिनचूक शार्दूल. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पाटी मिटायला घेतली.

मग त्या थांबल्या.

दीड वाजताची फेरी त्यांनी साडेतीनच्या फेरीवर ठेवून पाहिली. दोन्ही सारख्या होत्या. घासण्याची लांबी तीच, विलंब तोच. त्यांनी मधल्या साऱ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या. दोन तासांत अंगठा तसूभरही अधिक घासला नव्हता. आणि शार्दूलचा पाय दुपारी थकतो. तो चालू लागल्यापासून असा एक दिवस गेला नव्हता की त्याचा पाय दुपारी थकला नाही. थकला की तो डाव्या पायावर अधिक वेळ रेंगाळतो, जहाज उजवीकडे कलले की पाऊल टाकायचे टाळतो, कारण तो भार दुखऱ्या घोट्यावर येतो. ही पावले मात्र जहाज कुठेही कलो, न डगमगता पडत होती. लंगडत होती, परंतु लंगडण्यामागे कारण नव्हते.

बाई उठल्या. खिडकी आणि मेज यांच्यामधल्या चार हात जागेत त्यांनी ती चाल अंगावर घेतली. एक फेरी, दोन, तीन. शेजारच्या मेजांवरची जोडपी वळून पाहू लागली. चौथ्या फेरीला बाईंनी भिंतीला हात टेकला. त्यांना कुठेच दुखत नव्हते.

या पावलांना दुखत नाही. ही पावले उत्तम नक्कल आहेत. आणि अशी नक्कल करणारे साऱ्या जगात फक्त एकच मुलगी आहे, जिला ती त्यांनी स्वतः शिकवली.

चार वाजायला आठ मिनिटे होती. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि कप्तानांशी जोडून मागितला.

"डॉ. घोरपडे बोलते आहे. जमीन चुकली आहे. मूल दालनात नाही. घंटा वाजवा, वेग कमी करा. माझी संमती आहे."

"बाई, जमीन चुकली म्हणालात?"

"म्हणाले. आता वेळ घालवू नका."

बालदालनात मुले भिंतीशी रांगेत बसली होती. तांडेलबाई एकेकाच्या डोक्याला चौथ्यांदा हात लावीत होती. इरावती रांगेच्या टोकाला उभी होती. आजीला पाहताच ती सरळ, नीटस उभी राहिली.

बाई तिच्यासमोर आल्या. त्या कोणासाठी वाकत नसत. तिच्यासाठी गुडघ्यावर बसल्या.

"इरा, किती वेळ त्याच्यासारखी चालते आहेस?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

"मी रागावणार नाही. मला फक्त तो कुठे आहे ते सांग."

"त्याने वचन घेतलंय."

"वचन मी माझ्या अंगावर घेते. सांग."

"ओल्या टॉवेलांच्या ट्रॉलीत बसून गेला. दोन दिवस जातो. मला दर दहा मिनिटांनी चालायला सांगितलं होतं, म्हणजे पडदा लाल होणार नाही. काल तासाभरात आला होता." ती पुढे म्हणाली, "आज आला नाही. मी सांगणार होते. पण मला वाटलं, येईल, आता येईल."

"कुठे जातो?"

"मागे. त्या लोखंडावर. त्याला चालायचं असतं." तिने आजीकडे पाहिले. "गुण न मिळता."

तांडेलबाई तोवर दाराबाहेर पोहोचली होती.

मंदाकिनीबाई पंचाहत्तरीला पोहोचलेल्या बाई. चार लोखंडी जिने उतरायला त्यांना वेळ लागला. वर घंटा वाजत होती, वेग उतरताना जहाजाचे सारे अंग थरथरत होते, आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी मोजत होत्या. शेवटच्या पायरीवरून त्यांनी आत पाहिले.

खिडक्यांतून आत आलेल्या पाण्याने लोखंड ओले होऊन चमकत होते. मधोमध एक लहान बूट पडला होता, त्यांनीच बनवून घेतलेला, टाचेला आधार असलेला. कोपऱ्यातल्या खिडकीतून एक दोरखंड अर्धा बाहेर लोंबत होता, आणि खिडकीच्या चौकटीशी रोहिणी तांडेल पालथी पडलेली होती. तिचे खांद्यापर्यंतचे अंग जहाजाबाहेर होते. एका खलाशाने तिचे पाय धरले होते, दुसरा दोर ओढत होता. मग ती मागे सरकली, आणखी सरकली, आणि तिच्या कवेत निळा सदरा दिसला.

शार्दूलने दोर सोडला नव्हता. तळहातांची कातडी निघाली होती, डावा खांदा सांध्यातून उतरला होता, ओठ पांढरे पडले होते. पण बोटे दोरावरून सोडवायला दोघे लागले. खाली समुद्र जहाजाच्या कडेने फेसाळत मागे पळत होता. बाईंनी एकदा तिकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.

त्या ओल्या लोखंडावर बसल्या आणि त्याचे डोके मांडीवर घेतले.

"किती वेळ, बाळ? किती वेळ लोंबकळत होतास?"

"ठाऊक नाही." दात वाजत होते. "पाय घसरला, दोर हाती लागला. आधी खूप हाका मारल्या. मग थांबवल्या."

"का थांबवल्या?"

"कोणी येणारच नव्हतं. जमीन सांगणार होती, मी आत आहे."

मंदाकिनीबाईंनी आपला पदर त्याच्या अंगावर ओढला. तांडेलबाई शेजारी भिंतीला टेकून धापा टाकत होती. दोराने सोललेला हात तिने छातीशी धरला होता. बाईंनी तिच्याकडे पाहिले. चार वाजायला वीस मिनिटे असताना ही घंटा मागायला आली होती. ती बारा मिनिटे आता कोणालाही परत देता येणार नव्हती.

"तांडेलबाई, मी नाही म्हटले होते," त्या म्हणाल्या.

"ध्यानात आहे, बाई," ती म्हणाली.

जहाजावरच्या डॉक्टरांनी खांदा बसवला. रणधीर आणि केतकी मुलाच्या उशापायथ्याशी बसून राहिले. आईसाहेबांशी काय बोलावे हे रणधीरला सुचत नव्हते. सूनबाईंना सुचत होते, पण त्यांनी ते ओठांवर येऊ दिले नाही. बाईंनाच विषय काढावा लागला. "केतकी, मनात आहे ते बोल. मी ऐकणार आहे."

केतकीने मुलाच्या केसांतून हात फिरवला. "त्याला रोज संध्याकाळी पोटात दुखतं, आईसाहेब. फेऱ्यांच्या वेळी. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

"माझ्या घरात कोणाला कुठे दुखते ते मला सांगावे लागले," बाई म्हणाल्या.

इरावती दाराआड होती. आजीने तिला जवळ बोलावले. "तू चुकलीस. दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी तरी सांगायला हवे होते. पण एवढी सफाईदार चूक करायला तुला मी शिकवले. तुझ्या वाट्याचे तू घे, माझ्या वाट्याचे उचलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरच्या कचेरीतून मुख्य अभियंता पडद्यावर आला. सौमित्र केळकर, हुशार मुलगा, बाईंचाच एके काळचा विद्यार्थी. त्याने रात्रभर जागून काम केले होते.

"मॅडम, दोष सापडला. जमीन शिकते ना, तिथेच फट होती. पहिल्या दोन दिवसांत इरावतीने तिला थोडी थोडी आपली नक्कल शिकवली, शार्दूलच्या नोंदीत मिसळत नेली. आता आपण थकव्याचा निकष टाकू. दिवसभरात चाल बदलली नाही तर इशारा. ट्रॉलीचीही दारात तपासणी. चार आठवड्यांत पुन्हा निर्दोष करतो."

"ते कर. चांगले काम आहे."

"मग नियम तसाच ठेवू? संमतीचा?"

"नाही. लिहून घे." तो सवयीने सरसावून बसला. "मुलांची देखरेख करणारे माणूस मूल दिसत नाही म्हणाले, की घंटा वाजेल. जमीन काय म्हणते ते नंतर विचारले जाईल. दर दोन तासांनी प्रत्येक मुलाचे नाव घेऊन त्याला हात लावून मोजावे. दोन सेविकांना ते जमणार नाही. चौदा लागत होत्या, चौदा ठेवा."

"कंपनी ऐकणार नाही, मॅडम. चौदा माणसं म्हणजे... शिवाय पुन्हा खोट्या घंटा होतील. तुम्हीच म्हणायचात, माणसाचा डोळा दमतो."

"दमतो. खोट्या घंटाही होतील, आणि त्यांची जबाबदारी मी नाकारत नाही. पण सौमित्र, काल तो डोळा दमला नव्हता. मी त्याला मिटायला लावला. कंपनीला सांग, जमिनीखाली माझे नाव हवे असेल तर हा नियम हवा. नाहीतर नाव काढून टाका. अकराही जहाजांवरून."

त्याने कागदावरून मान वर केली. मग म्हणाला, "कठीण आहे."

"तुला मी सोपे काही शिकवल्याचे आठवत नाही," बाई म्हणाल्या आणि पडदा मिटला.

त्यानंतर त्यांनी मिरजेला घरी फोन लावून गड्याला सांगितले की माजघरातली पट्टी आजच उचलावी. कुठे ठेवू, असे त्याने विचारले. माळ्यावर, म्हणाल्या, मग थांबून म्हणाल्या, माळ्यावर नको, घराबाहेर.

सहाव्या दिवशी सकाळी जहाज मुंबईला लागले. नवा नियम अजून कागदावरही आला नव्हता, परंतु उतरण्यापूर्वी रोहिणी तांडेलने आपल्या एकेचाळीस मुलांना शेवटचे एकदा रांगेत उभे केले. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. ती डाव्या हाताने मोजत होती. नाव घ्यायचे, डोक्याला हात लावायचा, पुढे जायचे. काही आईबापांना उशीर होत होता. पण मधेच कोणी तोंड उघडले की मंदाकिनीबाई त्याच्याकडे नुसते पाहत आणि ते तोंड मिटे.

"शार्दूल रणधीर घोरपडे."

"आहे."

तिचा हात त्याच्या डोक्यावर इतरांपेक्षा किंचित अधिक वेळ राहिला.

मग मंडळी उतरू लागली. जहाजापासून धक्क्यापर्यंतचा उतरता पूल लांब होता. शार्दूलचा हात झोळीत होता, पायात साधे कापडी बूट होते. त्याने कोणाचा हात धरला नाही. तो एकटा पुढे निघाला, आणि बाई त्याच्या मागून दहा पावलांवर. पूल पोकळ होता; त्यावर प्रत्येक पाऊल वाजत होते. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांची मान खाली जाऊ पाहत होती, कान टवकारत होते. त्यांनी मान वर ठेवली. नातवाचे कान थोडे बाहेर आलेले आहेत, अगदी त्याच्या आजोबांसारखे, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. मानेवर एक तीळ होता. समोर धक्क्यावर काय काय आहे ते पाहत तो उत्सुकतेने डोके इकडे तिकडे फिरवीत होता.

खाली पोहोचल्यावर तो थांबला आणि वळला. आजी जवळ येईपर्यंत त्याने वाट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर ती रोजची, संध्याकाळची, निकालाची वाट पाहण्याची कळा होती.

"आजीसाहेब, टाच आधी पडली का?"

"ठाऊक नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी तुझ्याकडे पाहत होते."